वेंगुर्लेकर डॉक्टरांचा उजवा हात

वेंगुर्लेकर डॉक्टर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते स्पिरिटबद्दल. "तुझ्या स्पिरिटचा वास माझ्या कपाटापर्यंत येता कामा नये. बाकी तू काय करतेस त्याच्याशी मला देणंघेणं नाही."

मी तेव्हा नुकतीच एमबीबीएस झाले होते. ठाकूरद्वारच्या आमच्या बिऱ्हाडात दवाखाना थाटायला जागा नव्हती आणि गिरगावात प्रत्येक वाडीच्या तोंडाशी एकेक डॉक्टर आधीच बसलेला. लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर एक होमिओपॅथ आहेत, त्यांचा दवाखाना दुपारी बंद होतो, संध्याकाळी जागा रिकामीच असते, असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी गेले. पन्नाशी उलटलेला एक उंच माणूस अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट घालून खुर्चीत बसला होता. समोर एका आजीबाईंचं सर्दीपुराण चाललं होतं. ते संपेपर्यंत मी पाऊण तास बाकावर बसून राहिले. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्पिरिटचं ते वाक्य ऐकवलं. म्हणजे जागा मिळाली.

एक खोली, एक टेबल, एक खुर्ची, आणि दोन कपाटं. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत ते, पाचनंतर मी. त्यांच्या कपाटावर जाड हिरवा पडदा. कापूर, स्पिरिट, कांदा, कॉफी, कसल्याही उग्र वासाने त्यांची औषधं मरतात, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे सुया उकळायचं भांडं सतत रटरटत असायचं. रात्री निघताना मी खिडक्या उघड्या टाकायची, फरशी पुसून घ्यायची, तरी आठवड्यातून एकदा तरी ते पाच वाजेपर्यंत मुद्दाम थांबलेले असायचे, फक्त "काल वास होता" एवढं सांगायला.

त्यांच्या तोंडी दोनच शब्द कायम असायचे. "अजून काय?" पेशंट म्हणायचा, डोकं दुखतं. हे लिहून घ्यायचे आणि विचारायचे, अजून काय? पेशंट म्हणायचा, कधीकधी चक्कर येते. अजून काय? मग झोप, मग स्वप्नं, मग सासू, मग गावची जमीन. लिहिता लिहिता त्यांची मान कागदावर वाकत जायची. माझ्या मते त्यातलं निम्मं अनावश्यक होतं आणि मी तसं एकदा बोलूनही दाखवलं. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "तुझे पेशंट उभे असतात. माझे बसतात. एवढाच फरक."

आणि त्यांच्या पुड्या. पांढऱ्या गुळगुळीत कागदाचे सारखे तुकडे, त्यावर चिमूटभर पावडर, आणि तीन घड्यांत अशी पुडी की टोकं सुरीने कापल्यासारखी. लोक त्या घरी नेऊन देवापाशी ठेवत. औषध तयार करताना ते छोटी बाटली मुठीत धरून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर, मनगटाच्या जरा वर, ठकठक आपटायचे. मी दुपारी लवकर आले की बाहेरूनच तो आवाज ऐकू यायचा.

मग गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबतच गेला. माझे संध्याकाळचे पेशंट रोडावले. पगारच नाही म्हटल्यावर सुईला आता कुणी सहजासहजी तयार होईना. त्यांचा सकाळचा बाक मात्र भरून वाहू लागला. ज्यांना सकाळी उठून कुठेच जायचं नव्हतं, अशी माणसं त्यांच्याकडे येऊन बसायला लागली.

त्यांत विष्णू परब होते. समोरच्याच चाळीतले, मालवणकडचे, विणकर. पोटात आग पडते म्हणून आले. अजून काय? झोप लागत नाही. अजून काय? परब म्हणाले की पहाटे पाळीच्या वेळेला जाग येते, उठून आंघोळ करतो, कपडे करतो, चपलेत पाय घालतो आणि मग आठवतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आणि म्हणाले, "परब, माझे गुडघे दुखतात हल्ली. सकाळी हे दार उघडायला, बाक बाहेर काढायला कुणी मिळालं तर बरं होईल. सातला याल का?"

त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. परब रोज सातला येऊन दवाखाना उघडू लागले. पुढे शिवडीला एका गोदामात रखवालदारीची नोकरी लागेपर्यंत त्यांनी हा नेम मोडला नाही. पोटातली आग कधीच थांबली होती. मी डॉक्टरांना विचारलं, "कुठलं औषध दिलं होतंत?" त्यांनी एक लांबलचक लॅटिन नाव सांगितलं. "आणि दार?" मी म्हटलं. ते हसले. "दार औषधात धरत नाहीत."

संप कधी मिटला हे लालबागात कुणालाच नीट सांगता आलं नसतं. तो मिटला नाही, विरत गेला. माणसं जमेल त्या कामाला लागली, आणि त्याहून जास्त बायका लागल्या. कुणी शिलाई मशीन घेतलं, कुणी कोळंबी सोलायला जाऊ लागली. परबांच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, दादरच्या एका पोळीभाजी केंद्राला चपात्या पुरवायला सुरुवात केली. परातभर कणीक पहाटे मळायची आणि दुपारपर्यंत लाटत राहायचं. नवऱ्याच्या रखवालदारीपेक्षा घर खरं तर त्या चपात्यांवर चालत होतं.

याच सुमाराला डॉक्टरांच्या पुड्या बिघडल्या. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मला वाटलं, घाईत केली असेल. पण ते कधी घाईत नसत. पुडीचं टोक वाकडं, घडी सैल, पेशंटच्या हातात जाईपर्यंत पावडर सांडलेली. मग एकदा लिहिता लिहिता त्यांच्या बोटांतून पेन गळून पडलं. आणि एके दिवशी मी अडीचलाच पोचले तर ते खोलीच्या मध्यभागी उभे राहून उजवा हात झटकत होते, ओल्या हातावरचं पाणी झटकावं तसा.

"काय झालं?"

"मुंग्या येतात. गोळी चालू आहे."

"कुठल्या बोटांना? करंगळी सोडून का? रात्री जाग येते का? बघू मनगट."

त्यांनी हात मागे घेतला. "पाचनंतर तू डॉक्टर. आत्ता अडीच वाजलेत."

पाचनंतर ते पुन्हा कधी थांबले नाहीत. वर्ष गेलं. स्पिरिटच्या वासाची तक्रार करायलासुद्धा ते थांबेनासे झाले, आणि मला ती तक्रार नसल्याचंच चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

मग एका संध्याकाळी माझ्या दवाखान्याच्या वेळेत, माझ्या पेशंटांच्या रांगेत, वेंगुर्लेकर डॉक्टर आणि सुनंदावहिनी शेजारी शेजारी बसलेले दिसले. मी घाईने उठायला लागले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. नंबर आल्यावर आत आले. मी खुर्ची देऊ लागले, तर ते उभेच राहिले.

"हिचा हात बघ," ते म्हणाले. "आठ-दहा महिने माझ्याकडे आहे. मधे बरं वाटत होतं. आता उतरतच नाही."

सुनंदावहिनींनी उजवा हात टेबलावर ठेवला. मनगटावर बोटाने टिचकी मारली तर झिणझिण्या थेट मधल्या बोटापर्यंत गेल्या. मनगट वाकवून धरलं तर मिनिटभरात त्यांनी ओठ चावले. पण बघायचं ते त्याच्याही आधी दिसत होतं. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो बसून गेला होता. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा म्हटलं तर अंगठा अर्ध्यात थांबला. मुलाच्या शर्टाची बटणं आता लावता येत नाहीत, त्या म्हणाल्या. तव्याचा चटका बसला तरी बोटाला कळत नाही.

मी त्यांना समजावलं. मनगटात एक बोगदा असतो. खाली हाडं, वर जाड पट्टा, आणि त्यातून अंगठ्याकडच्या बोटांची नस जाते. तिथे सूज आली की नस चेपते. सुरुवातीला रात्री मनगट सरळ बांधून ठेवलं, हाताला विश्रांती दिली, फार तर तिथे एक इंजेक्शन दिलं, तर पुष्कळांचं भागतं. पण स्नायू सुकायला लागला की थांबण्यात अर्थ नाही. तळहाताला छोटा छेद घेऊन तो पट्टा मोकळा करायचा. परळच्या म्युनिसिपल रुग्णालयात करतात.

"कापूचां?" वहिनींनी माझ्याकडे न बघता डॉक्टरांकडे बघितलं. "आणि तुमच्यो गोळ्यो?"

त्यांनी वहिनींचा अंगठा हलकेच दाबून बघितला. मग म्हणाले, "दिल्या. जेवढं मला येत होतं तेवढं दिलं. आणखी देत बसलो तर अंगठा जाईल तुमचा."

"आणि कापल्यार गेलो तर? माजो हात ऱ्हवलो नाय तर घर कसां चलतलां?"

"नाही जाणार."

वहिनी उठल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्यांनी टेबलाला वळसा घालून डॉक्टरांचा उजवा हात धरला, माझ्यासमोर दिव्याखाली आणला आणि त्याच्या शेजारी आपला हात ठेवला.

"आधी ह्यो हात बघा," त्या मला म्हणाल्या. "बाटलीचा बूच तेंका लावूक येना नाय. मी लावन देतंय. राती माका झोप नाय, तशी तेंकाय नाय."

दोन तळहात शेजारी शेजारी. एक भाजल्याच्या डागांचा, एक शाईचा. अंगठ्याखालचा उंचवटा दोन्हीकडे तसाच बसलेला.

"डॉक्टरानू," वहिनी म्हणाल्या, "तुमी आधी कापून घेवा. मगे मी येतंय."

डॉक्टर हात सोडवून घेऊन निघून गेले.

दोन दिवसांनी पाच वाजता ते खुर्चीतच बसलेले होते. मी आले तरी उठले नाहीत. मी बाकावर बसले, पेशंटच्या जागी. ते म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, चाकूवाचून होतं. पुष्कळांचं झालंही. त्यातलं किती माझ्यामुळे आणि किती आपोआप, हे देवाला ठाऊक. पण मी मनापासून सांगत आलो. आता हाताला पट्टी बांधून इथे बसलो तर लोक काय म्हणतील?"

मी बाकावरून पुढे वाकले. 

"आणि नाही बसलो," ते म्हणाले, "तर ती बाई माझ्या तोंडाकडे बघत हात घालवेल." मग त्यांनी उजव्या हाताची बाही विनाकारण नीट केली. "चिठ्ठी दे मला. रुग्णालयाची."

रुग्णालयात नसांची विजेची तपासणी झाली आणि तारीख मिळाली. मी बरोबर गेले. सर्जन म्हणजे एक ठेंगणी, चटपटीत बाई होत्या. फक्त हात बधिर करायचा, माणूस जागाच. डॉक्टरांनी टेबलावर पडण्याआधी त्यांना सांगून टाकलं, "मी होमिओपॅथ आहे. सूज येऊ नये म्हणून सकाळी अर्निका घेतलंय. पुढेही घेणार आहे."

"घ्या की," सर्जनबाई म्हणाल्या. "टाके मात्र मी काढणार. आणि पट्टी मी सांगेन तेव्हाच सुटणार."

मला आत उभं राहू दिलं होतं. पट्टा मोकळा होत असताना पडद्यापलीकडून आवाज आला, "अजून काय दिसतंय?"

"काका, गप्प पडलेला पेशंट दिसायला हवाय मला," सर्जनबाई म्हणाल्या. पण मग त्यांनाच राहवलं नाही. "नस दिसतेय. चेपलेली आहे, पण जिवंत आहे."

 मी पडद्यापलीकडे बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा अगदी लहान मुलासारखा सैल पडला होता.

बाहेर सुनंदावहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. हात गळ्यात अडकवलेले डॉक्टर दिसताच त्या पुढे झाल्या.

"दुखलां?"

"बधिर करायची सुई टोचली तेव्हा. मग नाही."

"खरां सांगा."

"खरंच सांगतोय. चांगलंच दुखलं सुईला. नंतर काहीच नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, तारीख कुठे घ्यायची.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर दवाखान्यात बसले. विश्रांती घ्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण ते म्हणाले, लपून बसलो असं होईल. मी मुद्दाम सकाळी गेले. बाक भरलेला होता. सगळ्यांची नजर त्या पट्टीवर. शेवटी एक म्हातारे गृहस्थ, वर्षानुवर्षांचे पेशंट, खाकरून म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या गोळ्यांनी तुमचाच हात बरा झाला नाही?"

"नाही झाला," डॉक्टर म्हणाले.

म्हाताऱ्यांना पुढे काहीतरी ऐकायचं होतं. आम्हा सगळ्यांनाच. डॉक्टरांनी डाव्या हाताने कागद पुढे ओढला.

"म्हणून कापून घेतला. तुमचं पोट कसं आहे?"

काही पेशंट त्या महिन्यात तुटले, हे खरं. त्यातले काही परत आले, काही आले नाहीत.  मला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, तेही दारात, जाता जाता, "काल मी झोपलो. अगं, सकाळपर्यंत झोपलो!" हे सांगताना त्यांचा आवाज इतका चढला की रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघायला लागला.

बोटांतली जाण मात्र सावकाश आली. सर्जनबाईंनी तसं सांगितलंच होतं. डॉक्टरांचा अंगठ्याखालचा उंचवटा पूर्वीसारखा कधी भरला नाही, फार उशीर झाला होता. पुडी पुन्हा सरळ व्हायला पावसाळा उलटला. सुनंदावहिनींचं वय कमी, त्यांचा हात लवकर सावरला. मधल्या काळात परब रखवालदारीवरून येऊन पहाटे कणीक मळायचे. मागावर उभा राहिलेला माणूस परातीपुढे मांडी घालून बसला म्हणून चाळीत थोडी थट्टा झाली, पण वहिनींचा हात बरा झाल्यावरही त्यांनी मळणं सोडलं नाही. वहिनींनी लाटलेली पहिली चपाती वाकडी झाली. त्यांनी तिला मालवणीतली एक सणसणीत शिवी हासडली आणि तीच डॉक्टरांना आणून दिली. डॉक्टरांनी ती दवाखान्यातच, पेशंटांसमोर, नुसती खाल्ली.

त्यानंतर त्यांना एक नवीन खोड लागली. कुणीही बाई आली, खोकल्यासाठी का असेना, की आधी "हात पुढे करा." दोन्ही तळहात बघायचे. नुसत्या मुंग्या असतील तर शाळेतली लाकडी फूटपट्टी घेऊन मनगटाखाली लावायचे, वरून मऊ धोतराची पट्टी बांधायचे आणि रात्री असंच झोपा म्हणायचे. उंचवटा बसलेला दिसला, तर एकही गोळी न देता "परळला जा. आजच जा." पोळीभाजीवाल्या, शिवणवाल्या, कोळंबी सोलणाऱ्या, सगळ्या जाऊ लागल्या. त्या सर्जनबाई मला एकदा म्हणाल्या, "तुमचे होमिओपॅथ ज्यांना पाठवतात त्या वेळेत येतात. आमचेच लोक उशीर करतात."

हे मी त्यांना सांगितलं, तर ते खूश झाले आणि लगेच गंभीर झाले. "याचा अर्थ माझी पद्धत चुकीची असा नाही," ते म्हणाले. "मनगटातल्या त्या बोगद्यापुरता तुझा पक्ष बरोबर. एवढंच मी कबूल करतो." त्यावर आमचा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. तो मिटवायची दोघांनाही गरज वाटली नाही.

पुढे माझं लग्नानंतरचं बिऱ्हाड ठाण्याला गेलं आणि मी लालबाग सोडलं. एकदा एका नातेवाइकांना भेटायला परळच्या त्याच रुग्णालयात गेले होते. ओपीडीच्या पॅसेजमध्ये ओळखीचा आवाज ऐकू आला. चढलेला आणि मालवणी. सुनंदावहिनी. केस पुष्कळ पांढरे झालेले, अंगावर चांगली साडी. आता त्यांचं स्वतःचं केंद्र होतं आणि हाताखाली चार बायका होत्या, हे मला ठाऊक होतं. त्या ज्याला दटावत होत्या तो उंच माणूस आता पुरता वाकला होता, पण बुशशर्ट पांढराच होता.

"सर! तुम्ही इथे?"

वेंगुर्लेकर डॉक्टरांनी माझ्यासमोर डावा हात धरला. "आता हा," ते म्हणाले. "मुंग्या सुरू झाल्या. मी म्हटलं, थोडे दिवस गोळी घेऊन बघू."

"थोडे दिवस!" सुनंदावहिनी म्हणाल्या. "घरी जावन धरून हाडलंय तेंका."

तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडायला घेतलं. उजव्या हाताने पट्ट्याची बारीक कडी त्यांनी पहिल्याच झटक्यात उघडली आणि घड्याळ वहिनींच्या हातात दिलं. मला म्हणाले, "थांबू नकोस, तुझे पेशंट उभे असतील." आणि आत गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मी थांबले नाही, पण पॅसेजच्या टोकाशी वळून बघितलं. सुनंदावहिनी बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक तरुण मुलगी आपला हात चोळत होती. वहिनींनी घड्याळ कानाशी नेऊन ते चालू आहे की नाही ते ऐकलं, पदरात नीट गुंडाळून ठेवलं, आणि त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "बघू गो, तुजो हात बघू."